होमाच्या धुराची युक्ती

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

मोटार रॅलीच्या फोटोंच्या स्पर्धेत मी पहिली आले! रात्री जंगलात गाड्या इतकी धूळ उडवतात की बाकीच्यांच्या फोटोत फ्लॅशमुळे नुसता पांढरा पडदा आला. मला तुमचं आठवलं: लग्नात होमाच्या धुरावर समोरून फ्लॅश मारायचा नाही, बाजूने मारायचा. मी फ्लॅश बाजूच्या झाडाला बांधला. गाडी आली तशी सवयीने "इकडे बघा!" असं ओरडलेसुद्धा. धूळ सोन्यासारखी उजळली, बाबा!

मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच होते. गुडघा जरासाच खरचटलाय, आईला सांगू नका.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंत म्हणे? फोटो आतल्या बंद पाकिटात आहे. डोळ्यावरची पट्टी निघाल्याशिवाय ते फोडायचं नाही.

तुमची असिस्टंट,
यामिनी