आत्यांच्या हनुवटीवरचे ठिपके

श्रीरामपूर, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९७१

आज कॉन्टॅक्ट लेन्स लावून पहिल्यांदा वर्गावर गेले. शर्टाच्या बटणाएवढी कडक प्लॅस्टिकची चकती, पण तिने किती वाट पाहायला लावली! माझं बुबुळ शंकूसारखं पुढे आलेलं, म्हणून चष्म्याने भागत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी दोनदा लेन्स बदलल्या, या तिसऱ्या जोडीने जमलं. नाहीतर नोकरी सोडावीच लागली असती. फळ्यावरचं स्वतःचं अक्षर न दिसणारी मास्तरीण कोण ठेवणार?

हजेरीत एकही नाव चुकलं नाही. डोळ्यांतून पाणी गळतंय, तरी शेवटच्या बाकावरची चिंच खाणारी मुलगी बरोबर पकडली!

पण खरी गंमत घरी आल्यावर. सासूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले आणि बघतच राहिले. लग्नाला तीन वर्षं झाली. त्यांच्या हनुवटीवर कसलासा डाग आहे, असंच मी धरून चालले होते. डाग कुठला? चार हिरवे ठिपके, गोंदलेले!

"काय बगती गं येवढं?"

"तुमचं गोंदण, आत्या. चार ठिपके आहेत ना?"

त्यांचा हात थांबला. "आगं, लई बारीक हायेत ते. दिसत्यात व्हय तुला?"

मी मान हलवली. त्या पदराने माझे डोळे पुसायला धावल्या. मी ओरडले, "आत्या, लेन्स पडेल!" मग दोघी हसत सुटलो.

हसताना ते ठिपके एकमेकांजवळ येतात. तीन वर्षं त्यांचं हसू मी नुसतं ऐकत होते.