मेजावरची चादर

१२ मार्च, बुधवार

नाही म्हणजे नाही. तू मला शिकवू नकोस. परवाच्या पानावर काय लिहिलंय ते माझ्या तोंडावर फेकू नकोस. हो, लिहिलं होतं – 'ऑफिसात सगळ्यांचे कप धुतले, कोणाला कळलं नाही.' मग? खोटं आहे का? नाहीच कळलं कोणाला. तुला कळलं ते धरायचं नाही. तू कोणी नाहीस. तू वही आहेस, परळ नाक्यावरून आणलेली.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासात, मटण सोडू नका, चहा सोडू नका. रोज प्रेमाचं एक लहान काम करा आणि ते कोणाला सांगू नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळता कामा नये. सोपं वाटलं. चाळीस दिवस, चाळीस कामं. आणि मी लिहिणारी, त्यामुळे उपदेश संपायच्या आत डोक्यात फॉर्म तयार. चाळीस तुकडे. एकाही तुकड्यात 'मी' हा शब्द नाही. काय भारी.

आज सातवं काम. आत्ताच कंटाळा आलाय.

१३ मार्च, गुरुवार

जिन्यातला बल्ब बदलला. आईने विचारलं, कोणी बदलला गं? मी गप्प. गप्प बसताना माझं तोंड काय झालं असेल देव जाणे, कारण आई म्हणाली, "बरं, थँक्यू."

हे काम धरायचं की नाही?

१९ मार्च, बुधवार

दादरला वैभव भेटला. कॉलेजपासूनचा. आमच्या अनियतकालिकाचा अर्धा संपादक तो, अर्धी मी, आणि वाचक बहुतेक आम्ही दोघंच.

"काय मॅडम, अंकाला काय देतेस?"

"काही नाही. जे लिहितेय ते गुप्त आहे."

"काय लिहितेयस?"

सांगितलं. सगळं. चाळीस कामं, डावा हात, 'मी' नाही.

तो वडा खात होता. खाऊन झाल्यावर म्हणाला, "गुप्त आहे ना? मग मला का सांगितलंस? आणि हे असं चेहऱ्यावर का आणलंयस – मेणबत्तीसारखं?"

च्यायला. दोन आठवडे वाया.

२० मार्च, गुरुवार

काही केलं नाही. मुद्दाम.

६ एप्रिल, रविवार

आज प्रभुभोजन होतं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. आणि आज सुचलं. खरंखुरं गुप्त काम.

रखमाबाई. आमच्या मंडळीतली सगळ्यात हट्टी म्हातारी. पंच्याहत्तरच्या पुढे. अजून चर्चला देऊळच म्हणतात. करी रोडला चाळीत एकट्या राहतात. नवरा मिलमध्ये होता. त्याने आणलेल्या कापडातून त्यांनी प्रभूच्या मेजावरची पांढरी चादर शिवली. मेज म्हणजे ज्याच्यावर भाकर आणि पेला मांडतात ते. प्रभुभोजन झालं की दुसऱ्या दिवशी सोमवारी त्या येतात, चादर घरी नेतात, धुतात, नीळ घालतात, इस्त्री करतात आणि बुधवारी कपाटात आणून ठेवतात. एक्केचाळीस वर्षं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. एकदा पाळकसाहेबांच्या बायकोने उचलली तर म्हणाल्या होत्या, "राहू द्या, तुमचे हात ओले असतील."

आज उपासना संपल्यावर त्या देवळाच्या पायऱ्या उतरत होत्या. कठडा दोन्ही हातांनी धरून. वाटलं, ह्या वयात बादल्या, पिळणं.

चर्चची एक किल्ली आमच्याकडे असते, बाबा कमिटीवर होते तेव्हापासून. बाबा गेले, किल्ली राहिली. संध्याकाळी जाऊन चादर आणली. मशीनला लावलीय. आई शेजारी गेलीय.

७ एप्रिल, सोमवार

इस्त्री करून, घडी घालून सकाळी साडेसातला कपाटात ठेवून आले. त्या दहाला येतात. कोणालाच माहीत नाही. आईला नाही, वैभवला नाही.

अठ्ठाविसावं काम. पहिल्यांदा असं वाटलं की आत काहीतरी सरळ झालं.

९ एप्रिल, बुधवार

कोणी काहीच बोललं नाही. बोलायला नकोच होतं. मग मी कसली वाट बघतेय?

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. सगळ्यांच्या हातात झावळ्या, पोरं एकमेकांना टोचतायत. रखमाबाई नाहीत. त्यांची जागा, डावीकडून दुसरा बाक, भिंतीकडची – रिकामी. कोणी बसतही नाही तिथे.

बाहेर शामराव भेटले. कमिटीचे सेक्रेटरी. त्यांना विचारलं, रखमाबाई आजारी आहेत का?

"आजारी नाही, रागावल्यात. सोमवारी आल्या, कपाट उघडलं, चादर धुतलेली. तिच्यावर हात फिरवला. घडी उलगडली, परत घातली. मग मला फोन – 'शामराव, काढायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतंत. मी आपणहून सोडलं असतं.' आणि फोन ठेवून दिला. आता आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं. कोणी धुतली देव जाणे."

मी म्हणायला हवं होतं. तिथेच. दोन शब्द होते. पण मनात आलं, सांगितलं तर गुप्त राहत नाही. खरंच असं मनात आलं. लिहितानाही लाज वाटतेय.

तेवढ्यात ते पुढे म्हणाले, हळू आवाजात, "खरं सांगू मेघना? बरंच झालं. मागच्या दोन महिन्यांत डाग तसेच होते. त्यांना आता दिसत नाही. पण सांगणार कोण? आमच्यात कोणाची छाती नव्हती. आता गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचं, गुरुवारचं प्रभुभोजन झालं की लाँड्रीत टाकू. ज्याने कोणी केलं त्याचं देव भलं करो."

म्हणजे मी प्रेमाचं काम केलं, आणि कमिटीला जे तोंडावर बोलायचं धैर्य नव्हतं ते माझ्या हातून बोलून झालं. एका म्हातारीला तिच्या देवळातून काढलं मी. साबणाने.

गुरुवारी त्या आल्या नाहीत तर परत कधीच येणार नाहीत. मी ओळखते त्यांना.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. करी रोडला गेले. चाळीत जयंतीची गडबड. पांढरे कपडे, निळे झेंडे, अंगणात स्पीकर. रखमाबाईंच्या शेजारचे गौतमदादा गॅलरीत टेबल लावून सरबत वाटत होते. "घ्या ताई, आधी सरबत, मग काय ते काम."

रखमाबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. मी वाकून सांगितलं, आजी, चादर मी धुतली.

"काय?"

"चादर! मी धुतली!"

"कसली चादर? ह्या गाण्यात काय ऐकू येतंय."

मग मी ओरडले. आणि खाली गाणं बदलत होतं, नेमकं तेवढ्या वेळात. "मी धुतली, गुपचूप, प्रेमाने!" – अख्ख्या मजल्याने ऐकलं. गौतमदादांचा पळा पातेल्यावर तसाच. समोरच्या खोलीतली एक बाई बाहेर येऊन बघून गेली.

रखमाबाई थंड. "प्रेमानं? कुणावरच्या?"

"तुमच्यावरच्या."

"माझ्यावरच्या असतं तर हे दार वाजवलं असतंस."

मी म्हटलं, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.

"मला विचारायचं होतंस. आजी, मदत करू का. मी नाही म्हणाले असते. चारदा नाही म्हणाले असते. पाचव्यांदा बादली दिली असती. तुला चारदा नाही ऐकायचं नव्हतं, म्हणून चोरून केलंस. साळव्यांची ना तू? तुझा बाप पण असाच. देणगी पाकिटात घालून द्यायचा आणि मग पाकीट कोण उघडतंय ते बघत बसायचा."

बाबांबद्दल कोणी असं बोललेलं नाही. राग आला. जास्त राग याचा की ते खरं आहे.

म्हटलं, कमिटीने तुम्हाला काढलेलं नाही. हे खरं आहे. शामराव आणखी काय म्हणाले ते सांगितलं नाही. हे प्रेम की माझी पण छाती नाही? माहीत नाही.

"आता तूच धू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची आत ओढून घेतली.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी ऑफिसच्या आधी गेले. विचारलं. नाही म्हणाल्या.

ऑफिसमधून लवकर निघाले, परत गेले. विचारलं. नाही म्हणाल्या, पण चहा दिला. चहा भयंकर गोड. प्यायले. परत विचारलं. नाही. निघताना दारात चौथ्यांदा विचारलं, तर गौतमदादा तिकडून, "द्या ना हो मावशी, पोरगी पायऱ्या झिजवतेय."

"तू गप रे, तुझी बायको बघ काय म्हणतेय." मग माझ्याकडे न बघता – "चादर आणलीस का?"

नव्हती आणली. मदत करायला गेले, चादर न घेता. मला थोबाडून घ्यावंसं वाटलं.

"उद्या आण. सकाळी. आणि हात धुऊन ये."

१६ एप्रिल, बुधवार

सुट्टी टाकली. चादर नेली. त्यांनी आधी नाकाला लावली. "अत्तर घातलंयस का हिला?" मशीनच्या लिक्विडचा वास. मग मोरीजवळ, उजेडात, मी ती पसरली आणि मला दिसलं. मधोमध, तळहाताएवढं, पिवळट. पेल्यातल्या द्राक्षरसाचा डाग. माझ्या मशीनने अर्धा काढला होता आणि माझ्या इस्त्रीने उरलेला पक्का केला होता. त्या दिवशी मला दिसलाच नव्हता. मी स्वतःकडे बघत होते.

"गेलाय का डाग?" त्यांनी विचारलं. सहज विचारावं तसं. तोंड दुसरीकडे.

हो म्हणता आलं असतं. म्हटलं, "नाही. आहे. आणि मीच पक्का केलाय."

मग म्हणाल्या, "कुठंय? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटावरून चाचपत हात आणला, लिंबू पिळलं, मीठ टाकलं आणि चोळायला लागल्या. मी बोट सरकवायची, त्या मागून यायच्या. तासभर. एकमेकींशी बोललो नाही असं नाही, पण काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक भाव, पाणी किती वाजता जातं, असलं. चाळीस तुकड्यांत बसेल असं काहीच नाही.

डाग निघाला. आणि मग चर्र असा आवाज. कापड जुनं, झिरझिरीत झालेलं. माझ्या बोटाच्या कडेने वीतभर फाटलं.

त्यांचा हात तिथेच थांबला. फाटल्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. ज्या बाईने परवा माझ्या मेलेल्या बापाला सोडलं नाही, तिने पदराने तोंड पुसलं फक्त.

सुई-दोरा काढला. त्यांना सुईचं नाक सापडेना. मी ओवून दिलं. खालून कापडाचा तुकडा लावून टाके त्यांनीच घातले, चाचपत. मला शिवता येत नाही. एमए आहे मी. ठिगळ दिसतंय. लांबूनसुद्धा दिसेल.

उद्या शामराव विचारणार. आणि रखमाबाईंच्या हातून फाटली हे कळलं की लाँड्री पक्की.

मी ठरवलंय. मी उठून सांगणार, माझ्या हातून फाटली. खोटं नाही, माझ्याच बोटाजवळ फाटली. वाक्य करून बघते:

'माझ्या हातून फाटली. रखमाबाईंचा काही दोष नाही.'

'फाटली ती माझ्यामुळे. दोष द्यायचा तर मला द्या.'

'मी फाडली.'

तिसरं चांगलं आहे. छोटं. लय आहे. सगळे माझ्याकडे बघतील आणि –

बघ. बघितलंस? परत.

तरीपण सांगणार. दुसरा उपाय नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

काल आल्या. आपल्या बाकावर बसल्या. शामरावांनी चादर मेजावर पसरली आणि थांबले. "हे ठिगळ कसलं?" – कोणाला असं नाही, सगळ्यांनाच विचारलं.

मी उठले. वाक्य तोंडात होतं.

रखमाबाई माझ्या आधी उठल्या होत्या. पुढचा बाक धरून. म्हणाल्या, "माझ्या हातून फाटली. मला दोन वर्षं दिसत नाही. लपवलं. काम जाईल म्हणून लपवलं. मंडळीनं माफी करावी." आणि बसल्या.

शामराव चादरीकडे बघत होते, आमच्यातल्या कोणाकडेच नाही. मी एकटी उभी, आणि ही का उभी आहे हे कोणाला कळेना. मलाही. बोलायला काही उरलं नव्हतं. बसले.

रात्रभर राग होता. एवढं चांगलं वाक्य, आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

आज गुड फ्रायडे, बाराला चर्चमध्ये तीन तासांची भक्ती. त्यांना देवळाच्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणजे रस्ताही दिसत नसणार. आणि दोन वर्षं त्या करी रोडवरून एकट्या चालत येतायत. आता तिथे जायचं, दार वाजवायचं, हात धरू का विचारायचं. नाही म्हणतील. परत विचारायचं. वेळ लागणार. तू इथेच पड, मी तुला नेत नाहीये.

जाते.