घबराटीचा पुरावा

३ मार्च, सोमवार
सकाळी दहाला सायरनची मासिक चाचणी. एकच सूर, एक मिनिट, उत्तम लागला. धरणाखालचं हे अख्खं गाव माझ्या अंगठ्याच्या भरवशावर झोपतं, पण गावाला त्याची जाणीव नाही. लोक ‘भोंगा’ म्हणतात. यंदा सगळ्यांना ‘सायरन’ म्हणायला शिकवायचं. शिवाय आजपासून गोड बंद.

त्याच दिवशी, दुपारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या पाणीपुरवठा ऑफिसचे साहेब वयाने लहान, आवाजाने मोठे. म्हणाले, सायरन बंद होणार. यापुढे धोका असला की लोकांच्या मोबाइलवर मेसेज जाईल. मला स्टोअरमध्ये बसवणार, नळाच्या तोट्या सांभाळायला. मी म्हणालो, मेसेजचा धाक कोणाला वाटतो? साहेब म्हणाले, तुमच्या भोंग्याने आजवर एक तरी माणूस जागचा हलला का? आणि वर हसले.
चहात तीन चमचे साखर. मनःस्थिती बघता हे गोड धरत नाही.

६ मार्च, गुरुवार
प्लॅन तयार. खऱ्या धोक्याची खूण म्हणजे तीन लांब सूर. ते ऐकले की गावाने टेकडीवरच्या जुन्या, रिकाम्या शाळेत जमायचं. ऑफिसच्या भिंतीवर तशी पाटीच आहे. मी तीन सूर वाजवणार, गाव टेकडीवर धावणार, साहेब तोंडात बोट घालणार. मग बघू कोणाची छाती होते सायरन काढायची.
परवानगी? चांगल्या कामाला परवानगी मागत बसलं की ते काम होत नाही.
बायकोला सांगितलेलं नाही. तिला प्रश्न विचारायची वाईट सवय आहे.
टेकडीवर करायचं भाषण लिहून काढलं. शेवटचं वाक्य: ‘नागरिकहो, घाबरू नका, मी आहे.’

१३ मार्च, गुरुवार
वाजवला! दुपारी चारला. तीन लांब सूर, एकेक असा खणखणीत की माझ्याच अंगावर काटा आला. लगेच सायकल काढून टेकडीवर. गर्दी व्हायच्या आत पोचलेलं बरं.

थोड्या वेळाने
अजून कोणी नाही. चढ आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन यायचं, वेळ लागणारच.

आणखी थोड्या वेळाने
एक कुत्रं आलं.

दिवेलागणीला
कुत्रंही गेलं.

१४ मार्च, शुक्रवार
पोलीस चौकीत गेलो. रीतसर तक्रार: नागरिकांनी धोक्याचा सायरन पाळला नाही, सबब संपूर्ण गावावर कारवाई व्हावी. हवालदारांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, धरणाला काही झालं होतं का? नाही म्हणालो. मग पाणी वाढलं होतं? नाही. मग वाजवला कोणी? मी मान ताठ करून सांगितलं, मी. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. मी सही केली. वाचून दाखवलं तेव्हा लक्षात आलं की तक्रार माझ्यावरच झाली आहे.

१७ मार्च, सोमवार
सस्पेंड.
गुन्हा असा: आपत्तीची खोटी सूचना देऊन जनतेत घबराट पसरवणे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. शिक्षा झाली तर नोकरी गेली, पेन्शनही गेली. बायकोने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, तुम्ही आत गेल्यावर मी काय करायचं, याचाही काही प्लॅन आहे का? मी म्हणालो, विचार चालू आहे.
चालू नव्हता. खोटं बोललो. भीती वाटतेय.

२२ एप्रिल, मंगळवार
वकील घरचाच, बायकोचा भाऊ. मेहुण्याने आजवर एकच केस जिंकली आहे, तीसुद्धा समोरचा आला नाही म्हणून. पण आज कागद वाचून टेबलावर हात आपटला. म्हणाला, भाऊजी, सुटलात! नुसत्या खोट्या सूचनेने हा गुन्हा होत नाही, घबराटही पसरावी लागते. सूचना तुम्ही दिलीत, पण घाबरलं कोण? पोलिसांकडे एक साक्षीदार नाही. गाव ढिम्म हललं नाही, एवढं दाखवलं की झालं.
म्हणजे साहेब केबिनमध्ये जे म्हणाले, तेच मी कोर्टात सिद्ध करायचं! मी म्हणालो, गाव घाबरलं होतं. मेहुणा म्हणाला, नव्हतं. मी म्हणालो, आतून घाबरलं होतं. बायको म्हणाली, तुमच्या पाया पडते, कोर्टात तोंड उघडू नका.
कबूल केलं. तोंड उघडायचं नाही. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं.

५ मे, सोमवार
फिरायला जायला जमलं नाही. त्याऐवजी घरोघरी चौकशी. केवळ माहितीसाठी. शिक्षा व्हावी असं मला मुळीच वाटत नाही, पण माणसाला खरं काय ते कळायला हवं.
किराणा दुकानदार म्हणाला, त्या दिवशी वाजला होता का? गावातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं, शाळा लवकर सुटली. समोरचे आजोबा म्हणाले, घाबरलो होतो ना! मी आनंदाने पेन काढलं. मग कळलं की त्यांना त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट मिळायचा होता.

९ मे, शुक्रवार
सापडला! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून त्या दिवशी बरोबर चारला एक शर्ट जळला. पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. आणि शर्ट कोणाचा? साहेबांचा! देव आहे.
माणसाचा हात असा उगाच जागच्या जागी खिळत नाही. याला घबराटच म्हणतात.
ही बातमी पोटात ठेवणं कठीण जातंय.

१२ मे, सोमवार
सरकारी वकिलांना सहज भेटलो. सहज बोलता बोलता इस्त्रीवाल्याचा विषय निघाला.

२६ जून, गुरुवार
कोर्ट. सरकारी वकिलांनी इस्त्रीवाल्याला उभं केलं. मेहुण्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.
इस्त्रीवाल्याला विचारलं, शर्ट सायरनमुळे जळला का? तो म्हणाला, नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. सायरन ऐकला नाही? तो म्हणाला, भोंगा ना? तो तर रोजच वाजतो.
रोज! महिन्यातून एकदा वाजतो तो! मी उभा राहिलो. न्यायाधीश बाईंना सांगितलं की गाव घाबरलं होतं, फक्त दाखवलं नाही. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, घाबरलेल्या एका माणसाचं नाव सांगा. मी खूप आठवून बघितलं. मेहुण्याने कोट धरून मला खाली बसवलं.
मग आमच्या बाजूने बायकोची साक्ष. मेहुण्याने विचारलं, तीन सुरांचा अर्थ ठाऊक आहे का? म्हणाली, आहे, लग्न झालं त्याच आठवड्यात यांनी शिकवला. मग त्या दिवशी ते ऐकून काय केलं? म्हणाली, खिडकी लावून घेतली. भीती नाही वाटली? म्हणाली, भीती कसली? खरंच पाणी आलं असतं, तर हे भोंगा वाजवायला थांबलेच नसते, सगळ्यांच्या आधी टेकडीवर असते.
कोर्ट हसलं. बाईंनी तोंडासमोर फाइल धरली. मेहुणा म्हणाला, इतकी चांगली साक्ष त्याने आजवर ऐकली नाही.
मी त्या दिवशी खरंच सगळ्यांच्या आधी टेकडीवर होतो. पण ते वेगळ्या कारणाने. हे तिला घरी समजावून सांगायचं ठरवलं.
सांगितलं नाही. ती रडत होती. सुटाल आता, म्हणाली.

१० जुलै, गुरुवार
निकाल. घबराट पसरवल्याच्या आरोपातून निर्दोष. निकालात स्वच्छ लिहिलंय की आरोपीच्या कृतीचा जनतेवर कोणताही परिणाम झाल्याचे दिसून येत नाही. ‘कोणताही’ हा शब्द दोनदा आहे.
मात्र विनाकारण आवाज केल्याबद्दल किरकोळ दंड. माझ्याबरोबर दंड भरायच्या रांगेत एक जण होता, त्याच्या गाडीचा हॉर्न अडकला होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त दंड झाला. गल्लीतले लोक त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला स्वतःहून आले होते.

२१ जुलै, सोमवार
पुन्हा कामावर, स्टोअरमध्ये. साहेबांनी निकालाची एक प्रत मागून घेतली. सायरन काढायच्या फाइलला जोडली.
दुपारी टेम्पो आला. सायरन खाली उतरवताना वाटेत जिन्याला आपटला. कोणी वळूनही बघितलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
महिन्याचा पहिला सोमवार. दहा वाजले. काहीच वाजलं नाही. तोट्यांची खोकी सोडून दारात जाऊन उभा राहिलो. कोणीतरी थबकेल, वर बघेल, आज काहीतरी चुकलंय म्हणेल. किराणा दुकानदार साखर तोलत होता. इस्त्रीवाला इस्त्री करत होता.
संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला विचारलं, आज काहीतरी नेहमीसारखं नव्हतं, लक्षात आलं का? तिने माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ विचार केला. मग विचारलं, केस कापलेत का?
मी हो म्हणालो.