चुंबळीवर मी बसणार नाही

२ मार्च
बसलो की माकडहाड दुखते. उठलो की जास्त दुखते. दिवाळीत दुकानाच्या पायरीवर आदळलो तवापासून. काही विशेष नाही. केतकीचं लग्न वीस एप्रिलले. कन्यादानाले बापाले पाऊण तास पाटावर बसा लागते, असं गुरुजी म्हणे. एकच पोरगी आहे, बसीनच. तोवर एकदम फिट व्हायचं. ठरलं.

५ मार्च
पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे गेलो. एक्स-रे झाला. म्हणे पहिले मधात भोक असलेली उशी, मंग व्यायाम, मंग इंजेक्शन. ऑपरेशन अगदी शेवटी, तेही क्वचित. हा क्रम साध्या माणसासाठी. मी शेवटून सुरू करीन.
उर्मिलानं उशी घेतलीच. बायकोची जात! घरी खोलून पाह्यली तर ती चुंबळ! डोक्यावरच्या चुंबळीवर पाण्याचा गुंड बसते, सौंसरच्या बाजारात तीस वर्षं कापड विकणारा हेमंत नाही. अलमारीवर फेकली.

८ मार्च
दुकानात आता उभाच राहतो. गिऱ्हाइकायले सांगितलं, नागपूरच्या मॉलमध्ये मालक उभेच असतात. शेजारचा नत्थूजी म्हणे, मॉलमध्ये मालक असतेच कुठी? जळते तो.

१२ मार्च
नागपूर. मोठे सर्जन. म्हटलं हाडच काढून टाका, माकडाचं आहे, मले काय कामाचं? हसले नाहीत. उशी वापरली का, व्यायाम केला का, हेच विचारत होते. म्हटलं हो हो. उशी घरात आहे, मतलब खोटं नाही. म्हणे ऑपरेशननंतर काही महिने बसाले त्रास होईन, जखम पिकू शकते, अन् दुखणं जाईनच याची ग्यारंटी नाही. घाबरट माणूस. इंजेक्शन दिलं.

१६ मार्च
चमत्कार! दुखणं गायब. उशी अन् व्यायाम चालू ठेवा म्हणत होते सर्जन. आता कायले? उद्या गाडी काढतो, पत्रिका वाटतो.

१८ मार्च
बोरगाव, रामाकोना, मोहगाव. सगळीकडे गड्डेच गड्डे. वापस येताना पेट्रोलच्या टाकीवर सरकून बसलो होतो. इंजेक्शनच डुप्लिकेट असणार.

२९ मार्च
केतकीनं उशी खाली काढली. म्हणे बाबा, पाटावर ही ठेवू, वरून शालूचं कापड लावते, कोणाले काही समजणार नाही. म्हटलं, अन् समजलं तर? व्याही म्हणतीन, बाप चुंबळीवर बसून पोरगी देऊन राहिला! रडली. लग्नाच्या टेन्शननं रडून राहिली बिचारी.

६ एप्रिल
मोतीराम पहेलवानाची मालिश. म्हणे एका झटक्यात हाड जागेवर आणतो. झटका बसला. हाडाचं माहीत नाही. आता झोपलो तरी दुखते.

१९ एप्रिल
घरीच पाटावर बसून पाह्यलं. गुरुजीचा पहिला मंत्र बी पुरा झाला नसता. उर्मिला भावाले फोन लावाले गेली. उगाच घाई. उद्या जोशात होऊन जाईन.

२० एप्रिल
नाही झालं. संकल्पालेच डोळ्यापुढं अंधार आला, उठलो. उर्मिलाचा भाऊ अनिल अन् त्याची बायको पाटावर बसले. माह्या पोरीचा हात अनिलनं दिला. मी खांब धरून उभा. केतकीनं वळून पाह्यलं. मी पंगतीकडे बोट दाखवलं, मतलब तिकडे काम आहे. काम काहीच नव्हतं.
व्याही सगळ्यायले सांगत होते, बाप असावा तर असा, पोरीच्या लग्नात एक मिनिट टेकला नाही.

२१ एप्रिल
घर रिकामं. मंडपातून आलेलं सामानाचं गाठोडं सोडून राहिलो होतो, पाटासंगं ती उशी निघाली. लाल खोळ, शालूच्या तुकड्याची, जरीचा काठ बाहेरून. केतकीच्या हातची शिलाई. मले न विचारता तिनं मंडपात नेली होती, पाटामागं ठेवली होती.
तिच्यावर बसूनच हे लिहून राहिलो. पाऊण तास झाला. दुखून नाही राहिलं.