देवाला चुकीची माहिती

तीर्थरूप दादांना,

धाकटीचा वाकून नमस्कार, आणि वाकताना कमरेतून जो कडकन आवाज आला तोही तुमच्याच चरणी. वहिनींचे गुडघे कसे आहेत? (मी दिलेलं तेल त्या लावत नाहीत, हे मला इथे बसून कळतं.) इकडे सगळे खुशाल. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल, म्हणून पुन्हा लिहिते, खुशाल.

तुम्ही मला चार दिवसांसाठी पाठवलंत, आज एकोणिसावा. माझ्या सुनेची समजूत घालायची आणि लेक, सून, नातवंडं सगळ्यांना या दांडगट गल्लीतून उचलून तुमच्या शांत कॉलनीत आणायचं, त्यासाठी तुम्ही दोन खोल्या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवल्यात, मी काही विसरलेली नाही. आले त्या दिवशी तर मी मनातल्या मनात सामान बांधूनही टाकलं होतं. टॅक्सीतून उतरते तो टायरच्या दुकानापुढे दोन धटिंगण एकमेकांची गचांडी धरून उभे. ज्याची मान आवळलेली होती तो तशातच मला म्हणतो, "आजी, कोणाकडे?" आवळणाऱ्याने मान सोडली, माझी पिशवी जिन्यापर्यंत आणून दिली आणि परत जाऊन तीच मान धरली. पिशवीवाला तो लांबू, मानेवाला तो हातोड्या. गल्लीतले बाकीचे सगळे या दोघांपैकी कोणाच्या तरी टोळीतले.

आता सूनबाईचं सांगते. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. चादरी धुणारी राक्षसाएवढी यंत्रं दिवसभर घरघरतात, त्यांच्यावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय की घरात मीठ मागितलं तर शेजारून येतं. रोज संध्याकाळी सातला ती दोन्ही पोरांना घेऊन खिडकीशी हात जोडते. (खिडकी लागत नाही, चौकट फुगलीय. माझा मुलगा तेव्हा बसवर ड्यूटीला, दुरुस्त कोण करणार?) आणि ती देवाला सगळं सांगते, नावानिशी. देवा, हातोड्याला अक्कल दे, आज त्याने न्हाव्याच्या दुकानाची काच फोडली. देवा, लांबू पिऊन येऊन आईशी भांडला, त्याला लाज वाटू दे, जमलं तर शुक्रवारच्या आत.

हे चौकापर्यंत ऐकू जातं, दादा! मला वाटलं, आता दगड येणार. दगड नाही, हातोड्या आला. दारात मान खाली घालून म्हणतो, "वहिनी, काच मी नाही फोडली, लांबूने फोडली. देवाला चुकीची माहिती जातेय." सूनबाईने तिथल्या तिथे खिडकीशी जाऊन दुरुस्ती कळवली. की लगेच लांबू वर. फोडली हे खरं, पण न्हाव्याने आधी आईवरून शिवी दिली, तेही सांगा, अर्धवट नको. तेव्हापासून बघते, साडेसहा वाजले की कोणी ना कोणी जिन्यात उभाच. एक म्हणतो माझं नाव काढा, सासुरवाडीपर्यंत पोचलंय. चाळिशीचा गॅरेजवाला मात्र रुसून आला, की तीन आठवडे माझं नावच नाही, मी काय कमी उपद्रवी आहे? (त्याला सूनबाईने आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत घातलं.)

मी तिला विचारलं, अगं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते ना. म्हणून तर एवढ्या मोठ्याने सांगते."

पण मागच्या मंगळवारी माझं धाबं दणाणलं. नात कोपऱ्यावर पाव आणायला गेली, आठ वर्षांची पोर, आणि दोन्ही टोळ्या गल्लीत उतरल्या. बाटल्या फुटायला लागल्या. सूनबाई धावत खाली गेली, तर कोणीतरी आपल्या दाराला बाहेरून पाठ लावून मारामारी करत होतं, दार उघडेना. तशीच वर खिडकीशी आली. हात जोडले. म्हणाली, देवा, माझी लेक पावाच्या दुकानात आहे, पिवळा फ्रॉक आहे, हातोड्याला आणि लांबूला ती दिसू दे. बस, एवढंच. आणि खाली सगळं थांबलं. (मीठमसाला लावत नाही.) कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आहे, आहे! दुकानातच आहे!" मग हातोड्या पुढे, लांबू मागे, दोघांची नाकं रक्ताळलेली, मध्ये आपली चिमुरडी पाव छातीशी धरून, अशी वरात दारापर्यंत आली. लांबू तिच्या वाटेतल्या काचा पायाने बाजूला सारत होता. पोरीला आत सोडलं आणि दोघे परत भांडायला गेले, पण भांडण कुठपर्यंत आलं होतं यावरच त्यांचं एकमत होईना. शेवटी झाडू आणायला गेले. आता हे देवाने ऐकलं की लांबूने, मला विचारू नका. सूनबाई म्हणते, देव वर ऐकतो आणि खाली पाठवतो. मी त्या बाईच्या चरणाची धूळ व्हायची तेवढी राहिलेय.

दादा, तुमच्या कॉलनीत मी पाच वर्षं राहिले. शांतता आहे, नाही म्हणत नाही. पण तिथे नात दिसेनाशी झाली तर खिडकीतून कोणाच्या नावाने हाक मारू? शेजाऱ्याचं नाव मला अजून ठाऊक नाही, त्याच्या कुत्र्याचं आहे. तेव्हा त्या खोल्या सोडून द्या. सूनबाई येणार नाही, आणि मी तिला चल म्हणणार नाही.

लहानांना आशीर्वाद, वहिनींना तेलाची आठवण.

तुमची,
धाकटी

ता. क. मीही इथेच राहीन म्हणते. माझी खाट कोणाला हवी तर द्या.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. तुम्ही रागावाल या काळजीने सूनबाई गुरुवारपासून तुमच्यासाठीही प्रार्थना करते. मामांचा राग शांत कर, म्हणते. मी तिच्याजवळ बोलून बसले होते, त्यामुळे ती तुमच्या पोटाचंही देवाला सांगते. आता सकाळी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो मला विचारतो, मामांना आज झाली का? लांबूने कसलंसं चूर्ण दिलंय, सोबत पाठवलंय, रात्री कोमट पाण्यातून घ्या. आणि राग गेला की नाही, पोटाचं काय झालं, दोन ओळी उलट टपाली लिहाच. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर हातोड्या आणि लांबू स्वतः तुमच्याकडे बघायला येणार आहेत. दोघे एका टॅक्सीत बसत नाहीत, दोन येतील, तेवढं फाटकावर सांगून ठेवा.