बाकावरची चाळीस मिनिटं

आई, काल दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर चाळीस मिनिटं बसून होते आणि तुझी इतकी आठवण आली, की आज भाजी चिरायची सोडून हे लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे मला. तरी लिहिते. मी हल्ली काय करते ते तुला कुणी सांगितलंच नसणार. मी बाळंतपणात बाईच्या सोबतीला बसते. नाळ कापत नाही, सुई टोचत नाही. ते सगळं डॉक्टर आणि सिस्टर करतात. मी फक्त सोबत असते, पहिल्या कळेपासून मूल छातीवर येईपर्यंत. त्याला डूला म्हणतात. पन्नाशीला टेकल्यावर पुण्याला जाऊन, माझ्या लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून मी हे शिकले. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. नुसतं बसायला शिकाया शाळा लागती व्हय, म्हणाली असतीस. लागते गं. तू शिकवत होतीस तेव्हा माझं लक्ष कुठं होतं?

आपल्या इंदुरी गावात कुणा बाईचं पोट दुखायला लागलं की सुईण म्हणून तुला बोलावणं यायचं आणि पाणी तापवायला तू मला बरोबर न्यायचीस. उंबरा ओलांडला की तुझं पहिलं काम ठरलेलं. बाई लवकर मोकळी व्हावी म्हणून घरात जे जे बांधलेलं, मिटलेलं असेल ते उघडायला लावायचीस. पेटीचं कुलूप, डब्यांची झाकणं, गोठ्यातल्या म्हशीचं दावं, बाईचा अंबाडा आणि स्वतःचासुद्धा. घरातले पुरुष बिचारे किल्ल्या शोधत हिंडायचे. त्यांनाबी काय तरी काम पायजे ना, असं तू परतताना मला सांगितलं होतंस. एकदा, मी बारा वर्षांची असेन, हातात परात धरून मी डोळे फाडून नको तिथं बघत उभी होते. तू मान न वळवता म्हणालीस, "तिच्या तोंडाकडं बघ. खालचं माजं मला कळतंय." आणि एकदा एक बाई अडली तेव्हा तू तिला सरळ जीपमध्ये घालून तळेगावच्या दवाखान्यात पाठवलंस. मला वाटलं, आई हरली. तसं म्हटल्यावर तू चिडलीस. "माज्या हातनं न्हाई तर त्यांच्या हातनं. बाई जगली पायजे."

हीच गोष्ट मी परवा एका मुलीला सांगितली. वराळ्याच्या नव्या सोसायटीत राहते, कंपनीत माल तपासायच्या कामाला आहे, पहिलंच बाळंतपण. तारीख उलटून नऊ दिवस झाले, पोटातलं पाणी कमी व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, आता वाट बघण्यात अर्थ नाही, औषधानं कळा आणूया. मुलगी ढसाढसा रडली. "मावशी, दिवसभर मी माल पास-नापास करते. आता माझं अंगच नापास झालं." मला तिला दटावावंसं वाटलं, पण जीभ आवरली. मग आम्ही दोघींनी मिळून कागदावर प्रश्न लिहिले. थांबलं तर काय होईल, औषध कसं देणार, वेळ किती लागेल, मध्ये उठून चालता येईल का, खाता येईल का. डॉक्टर बाईंनी घाई न करता एकेकाचं उत्तर दिलं. सगळं ऐकल्यावर ती हो म्हणाली आणि ते तिनं स्वतः म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं. आत एकालाच सोडणार होते. तिनं मला निवडलं. तिची आई जुन्नरहून आली होती, पण आई घाबरते आणि तिला बघून मी घाबरते, असं तिचं म्हणणं.

परवा गोळी ठेवली आणि काल सकाळी सलाईनमधून औषध सुरू झालं. या कळा वेगळ्या असतात गं. तुझ्या बायकांच्या कळा दमानं चढायच्या, मध्ये चहा प्यायला वेळ मिळायचा. या चढल्या की उसंत देत नाहीत. हाताला नळी, पोटाला पट्टा, पट्ट्याची वायर मशीनला. वायर पुरेल तेवढ्या जागेत मी तिला उभं केलं, माझ्या गळ्यात हात टाकून झुलवलं, दोन्ही तळव्यांनी तिची कंबर दाबून धरली, गरम पाण्याची पिशवी फिरवली. आणि हळूच काय केलं सांगू? तिच्या बॅगेची चेन उघडली, वेणी सोडली, खाऊच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं. सिस्टर म्हणाली, मावशी, मुंग्या येतील. म्हटलं, येऊ देत.

पण चूक माझ्याकडूनच झाली. मशीनवर कळेची रेघ चढताना दिसते, आणि मी त्या रेघेकडे बघत बसले. ती वर सरकली की मी मुलीला सांगायचे, आली बघ, आली. ऐकून ती कळ यायच्या आधीच आखडून जायची. मी तिला मदत करत नव्हते, भीती घालत होते. हे कळायला मला अर्धा तास लागला. मग तुझा आवाज कानात आला आणि मी स्टूल फिरवून मशीनला पाठ केली.

तिच्या तोंडाकडे बघायला लागले आणि आई, माझ्या अंगावर काटा आला. इतकी बाळंतपणं पाहिली, तरी दर वेळी येतो. कळ भरात आली की तिचा चेहरा कुठंतरी लांब जायचा, जिथं मी नाही, डॉक्टर नाही, कुणीच नाही. मग ती परत यायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की जणू पहिल्यांदाच भेटतोय. औषध बाटलीतलं होतं, पण राबत होतं तिचंच अंग. एवढं बळ त्या किडकिडीत पोरीत कुठं होतं? तिलाही माहीत नव्हतं.

अडीचच्या सुमारास तिचा धीर सुटला. माझा दंड धरून म्हणाली, "मावशी, मला आई पाहिजे."

सिस्टर म्हणाली, एक आत तर एक बाहेर. खोटं कशाला बोलू, मला राग आला. सकाळी सातपासून मी उभी होते आणि ज्यासाठी उभं राहायचं ते आता तासाभरावर आलं होतं. मी आहे ना, एवढं म्हटलं असतं तर ती गप्प झाली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बाहेर गेले. तिची आई बाकाच्या टोकाला पर्स मांडीवर धरून बसली होती. मला बघून ती घाबरलीच. मी म्हटलं, "आत जा. मशीनकडे बघू नका, तिच्या तोंडाकडे बघा." मला त्यातलं काय येतंय, ती म्हणाली. म्हटलं, काही यावं लागत नाही.

मग मी तिच्या जागी बसले. बाक अजून गरम होता. मी माझा अंबाडा सोडला. समोर मोबाईल बघत बसलेला एक माणूस चमकून जरा लांब सरकला. आणि माझ्या बाळंतपणाच्या वेळची तू दिसलीस. तीस वर्षं होऊन गेली. मलाही तळेगावात सलाईन लावूनच कळा आणल्या होत्या आणि तू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाहेर अशीच बसून होतीस. केस मोकळे, मांडीवर उघडा डबा; ह्यांनी मला नंतर सांगितलं. पुढं अकरा वर्षं, तू जाईपर्यंत, लेकीजवळ आत का नव्हतीस असं कुणी विचारलं की तुझं एकच उत्तर असायचं, दवाखान्यात आत सोडत न्हाईत, न्हाईतर म्या ऱ्हायले असते का भाईर.

काल दाराआडून मूल रडलं. तो आवाज मी नेहमी हातभर अंतरावरून ऐकते. बंद दाराबाहेरून पहिल्यांदाच ऐकला. मला रडू आवरेना. थोड्या वेळानं तिची आई बाहेर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "तोंडाकडंच बघत होते हो. माझीच पोर, पण मला ओळखू येईना, एवढी मोठी झाली."

हे पत्र कुठं पाठवणार? तुझ्याच पेटीत ठेवीन, तिला कुलूप लावत नाही मी. पण ठेवण्याआधी एक लिहायचं राहिलं आहे. माझ्या बाळंतपणाच्या दिवशी सिस्टरनं मला येऊन विचारलं होतं, बाहेर तुमची आई बसल्यात, आत पाठवू का. शेजारच्या खाटेवर एका साहेबांची बायको होती. मला तुझे मोकळे केस आठवले, तुझं मोठ्यानं बोलणं आठवलं, आणि मी म्हटलं, नको, बाहेरच राहू द्या.

आत सोडत होते गं, आई. मीच नको म्हणाले होते.