कोकराचा उजवा कान

प्रिय हरिओम,

त्या सकाळी मी नेहमीसारखी उठले, वाघरीच्या जाळीची एक बाजू सोडून मोठ्या मेंढ्या बाहेर काढल्या आणि कोकरं आत ठेवली. लेंड्या झाडून कोपऱ्यात ढीग केला. चूल पेटवली, चहा टाकला, भाकरी थापल्या. तुझ्या अण्णांनी भाकरी फडक्यात बांधली आणि पाटोद्याच्या बाजाराला निघताना छोटी कातर तुझ्या हातात दिली. "आज तू कर. मी आल्यावर बगतो," एवढंच म्हणाले. तू अठरा वर्षांचा होतास. कोकरांच्या कानाला खूण करायचा मान तुला पहिल्यांदा मिळत होता. तू ती कातर पँटीला तीनतीनदा पुसलीस. मी वाटीत हळद-तेल कालवलं, गोणपाट टाकलं आणि पहिलं कोकरू मांडीवर घेतलं. पुढचं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण नऊ वर्षांत आपण दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही.

आपली खूण उजव्या कानाला दोन काप. तुझे थोरले चुलते तात्याबा, त्यांची खूण डाव्या कानाला दोन काप. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा तुझ्या आजोबांनी कान वाटून दिले होते. ज्याची खूण त्याचं जनावर, आणि एकदा काप पडला की पडला. दुसरा कान कापून चूक सुधारता येत नाही, कारण दोन्ही कान कापलेलं जनावर चोरीचं समजतात. संध्याकाळी अण्णा बाजारातून आले, वाघरीत शिरले आणि एकेका कोकराचं डोकं वळवून बघत गेले. तेवीस कोकरं, तेवीसही डाव्या कानाला. ते शिव्या देतील असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तशीच तेवीस कोकरं हाकत तात्याबांच्या वाड्यावर नेऊन सोडली. तात्याबा हसले, चार माणसांत म्हणाले, "सुग्रीवा, पोराला उजवं-डावं तरी शिकीव की रं आधी!" आणि अण्णा तुझ्याकडे वळून म्हणाले, "ज्या हाताला खूण कळत न्हाई, त्या हातात माझी कातर न्हाई." तू मान खाली घालून ऐकलंस. सकाळी तुझी वाकळ घडी करून ठेवलेली होती आणि तू नव्हतास.

आता घरची खबर. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत जाळं आलं होतं, अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची. तुझी बहीण उज्ज्वला आली आणि मला पुण्याला तिच्या घरी घेऊन गेली. मेंढ्या अकरा उरल्यात आणि यंदाची कोकरं नऊ. त्यांचे कान अजून तसेच आहेत. अण्णा गेल्याला वर्ष झालं, खूण कोण करणार? मी पुण्याला जायच्या आधी तात्याबा येऊन बसले होते. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "साखराबाई, सुग्रीवची खूण आता बंद करू. कोकरांना माझा काप घाल आन् माझ्या कळपात सोड. खूण चालवाया वारस लागतो. तुझा एक हाय, पण त्याला कान वळखू येत न्हाई." मी म्हटलं, डोळे होऊन येऊ द्या, मग सांगते. ते हसले. डोळ्यांचा आणि खुणेचा काय संबंध, असं त्यांना वाटलं असणार.

तुम्हा पोरांच्या आधी मला एक अक्षर येत नव्हतं. उज्ज्वला पहिलीत गेली तेव्हा तिची अंकलिपी मी चुलीपुढे बसून गिरवली. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद जमवायला लागले. गूळ ज्या कागदात यायचा तो मी आधी वाचायची आणि मग गूळ डब्यात टाकायची. अण्णा चेष्टा करायचे, "मेंढरं मोजाया अक्षर कावून लागतंय?" पण ते चेष्टेतच. एकदा मात्र वाचताना चुलीवर दूध उतू गेलं आणि ते जरा कडक बोलले होते, की पुन्हा असं झालं तर सगळे कागद चुलीत घालीन. ते वाक्य लक्षात ठेव. पुढं लागेल.

पट्टी निघाली, चष्मा मिळाला, डॉक्टर म्हणाले आता काय बघायचं ते बघा. उज्ज्वला म्हणाली, "आई, चल, तुला जमिनीखालच्या मेट्रोत बसवते." मला वाटलं, विहिरीत उतरल्यासारखं असेल. उतरताना सरकता जिना होता. ओढ्याच्या पाण्यापुढं पहिली मेंढी जशी पाय रोवून उभी राहते तशी मी उभी राहिले, आणि माझ्यामागं सगळा कळप तुंबला. मागून एक बाई म्हणाली, "मावशी, पाय टाका, तो काही चावत नाही." उज्ज्वलाने दंड धरून ओढलं. खाली गार वारा, लख्ख उजेड, आणि कुठं धुळीचा कण नाही. इतकी खोल जागा आणि एक कोळ्याचं जाळं नाही, हे मी दोनदा उज्ज्वलाला बोलून दाखवलं.

आणि पाट्या! हरिओम, इतक्या पाट्या मी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. सगळ्या मला दिसत होत्या, कडा सुटलेलं एक अक्षर नव्हतं. मी मोठ्यानं वाचत सुटले. पिवळ्या रेषेच्या मागे उभे रहा. दरवाजाला टेकू नका. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "आजी, उद्या परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "हाय. तुमी झालाव का पास?" ते हसले आणि जागा करून दिली. उज्ज्वला मात्र दुसरीकडे बघत राहिली. गाडी सुटली तशी तिनं वर बोट केलं, म्हणाली आत्ता आपल्या डोक्यावर नदी आहे. मला ते दिवस आठवले. दिवाळीनंतर चाऱ्यासाठी आपण घाटाकडे निघायचो. पुढं घोड्यावर संसार, कोंबड्या खुराड्यात, तू माझ्या पाठीला बांधलेला. नदी लागली की अण्णा आधी स्वतः छातीइतक्या पाण्यात शिरून उतार शोधायचे आणि पलीकडून हाळी द्यायचे. अर्धा दिवस जायचा एका नदीला. इथं मी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला तोवर नदी संपली होती.

उज्ज्वला म्हणाली इथं उतरू, इथं चित्र आहे. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. बाहेर जायच्या वाटेवर ती लांब भिंत. रंगीत फरशीचे बोटबोटभर तुकडे जुळवून केलेली. पेठेतला रस्ता, दुकानाच्या फळ्या, सायकलवाले, आणि मधून चाललेला मेंढरांचा कळप. पुढं पांढरा घोडा. घोड्यावर डेगची, वाघरीची जाळी, आणि खुराड्यातून मान काढलेली कोंबडी. माणसं भराभर जात होती, कुणी थांबत नव्हतं. मी थांबले. आपल्या माणसाला मेंढी दिसली की डोळा आधी कानाकडे जातो. मी एकेक कान बघत गेले. कुणालाच खूण नव्हती. मी मनात म्हटलं, शहरातल्या माणसानं केलंय, त्याला काय माहीत.

मग कोपऱ्यात, कठड्याच्या जवळ, ती बाई दिसली. हिरवं लुगडं, गोणपाटावर बसलेली, मांडीवर कोकरू. कोकराचं तोंड तिच्या पोटाकडे. तिच्या डाव्या हातात एक मातकट तुकडा, आणि त्यावर काळ्या बारीक ओळी.

मी तिथं बराच वेळ उभी होते. कोकराला दोन काप होते. कोणत्या कानाला ते समजायला मला भिंतीकडे पाठ करून उभं राहावं लागलं. मी त्या बाईसारखं हात पोटाशी घेऊन कोकरू धरल्यासारखं केलं, आपल्याच कानाला हात लावून बघितला, पुन्हा वळले, पुन्हा बघितलं. एक शिपाई आला. "आजी, काय चाललंय?" मी म्हटलं, "मेंढीचा कान बगतीय." तो म्हणाला, "बघा, पण हात लावू नका." माझा हात तोवर लागलेला होता. उजवा कान होता, हरिओम.

खाली छोटी पाटी होती, काम करणाऱ्यांच्या नावांची. मी बोट ठेवून वाचत गेले. पाचवं नाव तुझं. तू फरशीचं काम करतोस एवढंच मला उज्ज्वलाकडून माहीत होतं. मला वाटायचं, लोकांची न्हाणीघरं करत असशील. हरिओम, आणि पुढं सुग्रीव. अण्णांचं नाव मी रेशनकार्डावर वाचलं होतं, दाखल्यावर वाचलं होतं, शेवटी मृत्यूच्या दाखल्यावरही वाचलं. भिंतीवर पहिल्यांदा वाचलं. मी रडले नाही. तेच नाव पुन्हा एकदा वाचलं. उज्ज्वला म्हणाली तू सध्या नागपूरला दुसऱ्या कामावर आहेस, आणि तिनं पत्ता लिहून दिला.

आता मी लिहायचं ते लिहिते. कोकरू धरायची रीत म्हणजे त्याची पाठ आपल्या छातीला आणि तोंड कातरणाऱ्याकडे. मग कातरणाऱ्याच्या डाव्या हाताला जो कान येतो तो उजवा. अण्णांनी तुला तसंच शिकवलं होतं. त्या सकाळी गुळाच्या कागदावर कांदा पावसाळ्यात कसा टिकवावा असं काहीतरी छापलेलं होतं. मला ते पुरं करायचं होतं. एक हात मोकळा राहावा म्हणून मी कोकरांची तोंडं माझ्याकडे केली. ती अशी मांडीत तोंड खुपसून गप पडतात. तू पहिल्याच कोकराला थांबलास आणि विचारलंस, "आई, ह्योच ना?" मी वर न बघता म्हणाले, "हं, ह्योच." आणि तेवीस वेळा ओळ शोधत राहिले.

अण्णा कान बघत होते तेव्हा तो कागद माझ्या कमरेला खोचलेला होता. एक वाक्य बोलले असते तर तुझ्यावरचं सगळं माझ्यावर आलं असतं. फार तर कागद चुलीत गेले असते. मी कागद वाचवले आणि तुला जाऊ दिलं. मला वाटायचं, तुला कळलंच नसेल. भिंतीवरच्या बाईच्या हातातला कागद बघून समजलं, तू सगळं बघितलं होतंस आणि तरी मान खाली घालून उभा राहिलास. तुझ्यानंतर दर वर्षी अण्णा पहिल्या कोकराला कातर लावायच्या आधी मला विचारायचे, "साखरा, उजवाच ना?" मी म्हणायची, उजवाच. त्यांना स्वतःच्या हाताची खात्री राहिली नव्हती. आठ वर्षं त्यांनी मला विचारलं, आणि आठ वर्षं माझ्या तोंडून ते आलं नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी तुझं नाव काढलं. तेव्हाही मी त्यांना पाणी पाजलं आणि गप राहिले.

मी तुला बोलावत नाही. माफीही मागत नाही, ती तू भिंतीवर लावून ठेवली आहेस आणि ती मला पुरते. ज्या चुकीसाठी तू घर सोडलंस ती चूक आता गावात तुझ्या नावावर राहिली नाही, एवढं तुला दुसऱ्या कुणाकडून न कळता माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. रविवारी मी पुण्याहून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळप सुटायच्या आधी तात्याबांच्या वाड्यावर गेले. चहाला बसलेल्या सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, की त्या दिवशी कोकरं मी उलटी धरली होती, माझ्या हातात कागद होता, आणि पोरानं विचारलं तेव्हा 'हं' मीच म्हणाले होते. माझ्या नऊ कोकरांना डावा काप पडणार नाही, हेही तात्याबांना सांगितलं. मग घरी आले आणि कातरीला तेल लावलं.

तुझीच, कोकरू धरून बसलेली,
आई